आपणच गुरू, आपणच शिष्य

गिटार हे वाद्य आज जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहे. आपल्याकडेही शहरांतून आणि लहान गावांतून ते पाठीवर अडकवून शिकवणीला जाणारी मुले-मुली दिसतात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी या वाद्याची स्थिती फार निराळी होती. ज्या स्पेन देशात ते घरोघर वाजवले जाई, त्याच देशात त्याला प्रतिष्ठा नव्हती. पियानो आणि व्हायोलिन ही वाद्ये मोठ्या सभागृहांत मानाने मिरवीत. गिटार मात्र मद्यगृहांत, रस्त्यांवर आणि नाचगाण्याच्या बैठकींत साथीला वाजे. सभ्य घरातील मुलाने गिटार शिकण्यात आयुष्य घालवावे, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटे.

अशा काळात एका मुलाने हे वाद्य हाती घेतले आणि पुढे जगातील श्रेष्ठ सभागृहांत ते एकट्याने वाजवून श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले. त्याचे नाव आंद्रेस सेगोव्हिया. नवलाची गोष्ट ही की, या मुलाला शिकवणारा असा कोणी गुरू लाभला नाही. जे मिळवले ते त्याने स्वतःच्या अभ्यासाने मिळवले. गुरूवाचून विद्या कशी मिळवावी आणि मिळवलेली विद्या कशी टिकवावी, हे त्याच्या चरित्रावरून आपल्याला समजते.

आंद्रेसचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात, लिनारेस या गावी झाला. हे गाव शिशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. घरची स्थिती बेताची असल्यामुळे अगदी लहान असतानाच त्याला काका-काकूंच्या स्वाधीन करण्यात आले. आईपासून दूर झालेले ते मूल रडू लागले की काका त्याला आपल्यासमोर बसवीत, हातात गिटार असल्याचा आविर्भाव करीत आणि नुसत्याच तारा छेडल्यासारखे करून एखादे गमतीचे गाणे म्हणत. मूल हसू लागे. गिटारीशी आंद्रेसची पहिली ओळख झाली ती अशी. हातात वाद्य नव्हते, पण तिची लय त्याच्या मनात रुजली होती.

मुलाला संगीताची आवड आहे हे पाहून काकांनी त्याला व्हायोलिन शिकवण्यासाठी एका शिक्षकाकडे पाठवले. हे शिक्षक फार कडक होते. मुलाची चूक झाली की ते त्याला चिमटे काढीत. त्या चिमट्यांच्या धाकाने मुलाच्या मनातील सूर पळून जात. थोड्याच दिवसांत ही शिकवणी बंद झाली. पुढे एकदा गावात एक फिरता गिटारवादक आला. अंदालुसियाच्या लोकसंगीताचे चार ठेके त्याला येत होते. मुलाने त्याची पाठ सोडली नाही. दीड महिन्यात त्या वादकाचे सारे ज्ञान शिकून झाले, कारण त्या बिचाऱ्याकडे त्याहून अधिक शिकवण्यासारखे काहीच नव्हते! आंद्रेसला गिटारीचे जे काही शिक्षण लाभले, ते एवढेच.

पुढे शिक्षणासाठी काकांनी आंद्रेसला ग्रानाडा शहरी आणले. हिमाच्छादित डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात अलहंब्रा नावाचा प्राचीन राजवाडा आहे. त्याच्या नक्षीदार कमानी आणि झुळझुळणारी कारंजी यांच्या सहवासात मुलाचे मन फुलले. ग्रानाडात त्याने नामवंत गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांची रचना ऐकली आणि तो थरारून गेला. साथीला ठेका धरण्यापलीकडे गिटारीत इतके नाजूक आणि गंभीर संगीत दडले आहे, हे त्याला त्या दिवशी उमगले. त्याने बेनितो फेरेर नावाच्या कारागिराकडून एक साधी गिटार मिळवली.

घरच्या मंडळींना हे मुळीच रुचले नाही. गिटारीच्या नादी लागून मुलगा वाया जाईल, अशी भीती त्यांना वाटे. पियानो किंवा व्हायोलिन शिक, नाहीतर एखादा प्रतिष्ठित व्यवसाय धर, असा त्यांचा आग्रह होता. आंद्रेसने वडीलधाऱ्यांशी भांडण मांडले नाही. पण गिटारही सोडली नाही. घरच्यांच्या नकळत, मिळेल त्या वेळी त्याचा अभ्यास चालू राहिला.

मुलांनो, गिटारीला सहा तारा असतात. त्या काळी वरच्या तीन तारा प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या असत आणि खालच्या तीन रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून तयार करीत. सतारीला जसे पडदे असतात तसे गिटारीच्या दांडीवरही असतात. डाव्या हाताच्या बोटांनी पडद्याजवळ तार दाबायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी ती छेडायची. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु गिटारीवर एकच स्वर दोन-तीन निरनिराळ्या तारांवर सापडतो. तो कोणत्या तारेवर घ्यावा, कोणत्या बोटाने दाबावा, म्हणजे पुढच्या स्वरावर हात वेळेवर पोहोचेल, याचा विचार पावलोपावली करावा लागतो. शिक्षक असला की तो बोट धरून वाट दाखवतो. आंद्रेसला ही वाट स्वतःच शोधावी लागली.

प्रथम त्याने स्वरलिपी शिकण्याचे ठरवले. ती शिकवणारे एक पुस्तक मिळवून, अक्षरे लावावीत तसा एकेक स्वर लावीत तो वाचू लागला. पुढे जुनी स्वरलिखिते धुंडाळताना त्याला एक खजिनाच सापडला. बार्सिलोनात जन्मलेले फेर्नांदो सोर, इटलीचे माउरो जुलियानी अशा जुन्या संगीतकारांनी शंभर वर्षांपूर्वी खास गिटारीसाठी सुंदर रचना लिहून ठेवल्या होत्या. त्या कागदांवरील मुके स्वर बोलके करायचे, तर बोटांना तयार केले पाहिजे. पण बोटे तयार करावीत कशी?

आपल्या पुराणातील एकलव्याला द्रोणाचार्यांनी शिष्य म्हणून पत्करले नाही, तेव्हा त्याने गुरूची मातीची मूर्ती करून तिच्यापुढे विद्याभ्यास केला. आंद्रेसपाशी तशी मूर्तीही नव्हती. त्याने निराळीच युक्ती योजली. त्याने स्वतःचेच दोन भाग कल्पिले. एक शिष्य आणि दुसरा गुरू. शिष्याने वाजवायचे आणि गुरूने ऐकायचे. शिष्य उत्साही होता. त्याला लवकर पुढे जाण्याची घाई असे. गुरू मात्र चिकित्सक होता; एखादा स्वर अस्पष्ट उमटला, एखाद्या बोटाने आळस केला, की तो शिष्याला थांबवून पुन्हा मागे नेई. या गुरूने चिमटे काढले नाहीत, पण चुकीला क्षमाही केली नाही. सेगोव्हिया पुढे विनोदाने सांगत की, या गुरुशिष्यांचे आपसांत कधी गंभीर भांडण झाले नाही.

एकट्याने शिकणाऱ्यापुढे एक मोठे संकट असते. चूक दाखवणारा कोणी नसल्यामुळे चुकीची सवय नकळत हाताला लागते. दहा वेळा चुकीचे वाजवले, तर हात ती चूकच पाठ करतो. मग ती मोडण्यासाठी शंभर वेळा बरोबर वाजवावे लागते. म्हणून ज्याला गुरू नाही, त्याने सावकाश वाजवले पाहिजे. जलद वाजवताना चूक लपून राहते. सावकाश वाजवताना ती उघडी पडते आणि ती दुरुस्त करण्यास अवधीही मिळतो. आंद्रेसच्या अभ्यासाचा पाया या सावधपणावर उभारलेला होता.

गिटारीसाठी पुरेसे अभ्यासपाठ मिळेनात, तेव्हा त्याने दुसऱ्या वाद्यांकडे दृष्टी वळवली. पियानो शिकणारे विद्यार्थी रोज तासन्‌तास ठराविक स्वरपंक्ती वाजवतात आणि त्यामुळे त्यांच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र बळ येते, हे त्याने पाहिले. तसेच पाठ गिटारीवर का बसवू नयेत, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने ते पाठ आपल्या वाद्याला जुळतील असे बदलून घेतले. थोड्याच दिवसांत आपली बोटे अधिक चपळ आणि बळकट झाली आहेत, असे त्याला आढळले. ही शोधक वृत्ती एखाद्या शास्त्रज्ञाला शोभण्यासारखी होती. करून पाहायचे, परिणाम न्याहाळायचा, उपयोगी पडेल ते ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, अशी त्याची रीत होती.

१९०९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आंद्रेसने ग्रानाडात आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. ज्यांच्या संगीताने त्याला वेड लावले होते, त्या तारेगांकडे जाऊन शिकावे अशी त्याची फार इच्छा होती. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तारेगा यांचे निधन झाले. गुरू मिळण्याची ती आशाही मावळली. पुढे तारेगांचे शिष्य मिगेल लोबेत यांच्याशी त्याचा स्नेह जमला. त्यांचे वादन ऐकून आणि त्यांच्याकडील काही रचना घेऊन त्याने आपला संग्रह वाढवला. परंतु तोवर त्याची स्वतःची वादनपद्धती तयार झालेली होती.

सुमारे एकोणिसाव्या वर्षी तो नशीब अजमावण्यासाठी राजधानी माद्रिद येथे आला. तेथे कार्यक्रम करायचा होता, पण त्याच्याजवळ चांगले वाद्य नव्हते. मानुएल रामिरेझ हे तेथील प्रख्यात गिटार-कारागीर. तरुण सेगोव्हिया त्यांच्या दुकानात गेला आणि कार्यक्रमासाठी पियानो जसा भाड्याने मिळतो तशी एक उत्तम गिटार भाड्याने द्यावी, अशी त्याने विनंती केली. ही अजब मागणी ऐकून तेथील मंडळींची करमणूक झाली. तरीही त्याला एक गिटार वाजवून पाहण्यास दिली गेली. त्याची बोटे तारांवरून फिरू लागली, तसे सारे दुकान स्तब्ध झाले. तेथे हजर असलेल्या एका व्हायोलिनच्या अध्यापकांनी त्याचे कौतुक केले आणि इतकी गुणी बोटे त्याने व्हायोलिनच्या कामी लावावीत, असा सल्लाही दिला. सेगोव्हियाने तो नम्रपणे नाकारला. व्हायोलिनला थोर वादक पुष्कळ होते; गिटारीला त्याची गरज होती. रामिरेझ यांनी १९१२ सालची ती गिटार त्याला पैसे न घेता देऊन टाकली. त्या कारागिराने दाखवलेला विश्वास सेगोव्हिया जन्मभर विसरले नाहीत. पुढे पंचवीस वर्षे तीच गिटार त्यांच्या हाती होती. १९८६ साली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला अर्पण करण्यात आली.

तरीही संकटे संपली नव्हती. गिटारीचा आवाज बारीक. मोठ्या सभागृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचणार, अशी शंका सारे घेत. बार्सिलोनात संगीतासाठी बांधलेले एक भव्य सभागृह आहे. १९१६ साली तेथे एकट्या गिटारीचा कार्यक्रम करण्याचे धाडस सेगोव्हियांनी केले. उजव्या हाताचे नख आणि बोटाचे मांसल टोक या दोहोंचा एकदम उपयोग करून ते तार छेडीत. त्यामुळे त्यांचा स्वर भरदार आणि तरीही मधुर उमटे. श्रोत्यांनी श्वास रोखून ऐकले. शांतता राखली तर गिटारीचा कोमल स्वरही दूरवर पोहोचतो, हे सिद्ध झाले.

यानंतर सेगोव्हियांचा प्रवास सुरू झाला. दक्षिण अमेरिकेचा दौरा करून आल्यावर १९२४ साली त्यांनी पॅरिसमध्ये वादन केले. १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रसिकांनी त्यांना प्रथम ऐकले. १९२९ साली ते जपानला गेले. जेथे जात तेथील संगीतकारांना ते गिटारीसाठी नव्या रचना करण्याची विनंती करीत. स्पेनचे मोरेनो तोरोबा, मेक्सिकोचे मानुएल पोन्से, ब्राझीलचे व्हिला-लोबोस, इटलीचे कास्तेलनुओव्हो-तेदेस्को अशा अनेकांनी त्यांच्यासाठी रचना लिहिल्या. १९३५ साली त्यांनी जर्मन संगीतकार बाख यांची व्हायोलिनसाठी लिहिलेली एक दीर्घ आणि अवघड रचना गिटारीवर बसवून पॅरिसमध्ये सादर केली. गिटारीला थोर संगीत पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे त्यांचे उत्तर होते.

आता प्रश्न असा पडतो की, इतक्या कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या माणसाला रोजच्या अभ्यासाची गरज काय? परंतु सेगोव्हियांनी अभ्यास कधीच सोडला नाही. त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. ते दिवसाला सुमारे पाच तास वादनाचा सराव करीत. पण हे पाच तास ते सलग बसत नसत. त्यांनी त्यांचे चार सारखे भाग पाडले होते. सकाळी दोन बैठकी आणि दुपारनंतर दोन बैठकी. प्रत्येक बैठक सव्वा तासाची. दोन बैठकींच्या मधे विश्रांती.

या वाटणीत मोठे शहाणपण आहे. सव्वा तास मन एकाग्र ठेवता येते. त्यापुढे बोटे थकतात आणि त्यांच्या आधी कान थकतो. थकलेला कान चूक ऐकत नाही. ज्याला शिक्षक आहे त्याचा कान थकला तरी शिक्षकाचा कान जागा असतो. परंतु जो स्वतःच स्वतःचा शिक्षक आहे, त्याचा कान थकला की गुरूच झोपी गेला असे समजावे. मग हात नुसते यंत्रासारखे चालत राहतात आणि त्या वेळात विद्या वाढण्याऐवजी चुकाच पक्क्या होतात. विश्रांतीनंतर कान पुन्हा ताजा होतो आणि मघाशी न दिसलेला दोष आता सहज ध्यानात येतो.

या सरावात सेगोव्हिया स्वरपंक्तींना फार महत्त्व देत. आपल्याकडे गाणे शिकणारी मुले सा-रे-ग-म चे आरोह-अवरोह आणि पलटे घोटतात, तसाच हा प्रकार. अशा चोवीस स्वरपंक्ती बोटांच्या क्रमांकांसह लिहून १९५३ साली त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी शिकणाऱ्याला दिलेला उपदेश थोडक्यात असा : ज्याला आपला हात पक्का करायचा आहे त्याने स्वरपंक्तींचा कंटाळा करू नये. रोज दोन तास त्या वाजवल्या तर हाताची चुकीची ठेवण सुधारते, बोटांना हळूहळू बळ येते आणि सांधे पुढील जलद वादनासाठी तयार होतात. प्रथम त्या सावकाश आणि जोरकसपणे वाजवाव्या. नंतर हलक्या हाताने आणि जलद. स्वरपंक्तींच्या एका तासात असे काम होते, की जे इतर निष्फळ मेहनतीच्या पुष्कळ तासांत होत नाही.

हे लहानसे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. ज्या अभ्यासपाठांसाठी एक मुलगा ग्रानाडात एकट्याने धडपडला होता, ते आता कोणालाही अल्प किमतीत मिळू लागले.

या नियमितपणाची कसोटी संकटकाळी लागली. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बार्सिलोनात राहणाऱ्या सेगोव्हियांना देश सोडावा लागला. मागे राहिलेल्या त्यांच्या घरातील चीजवस्तू लुटल्या गेल्या. दक्षिण अमेरिकेतील मॉन्टेव्हिडिओ या शहरी त्यांनी आसरा घेतला आणि पुढील अनेक वर्षे काढली. घर गेले, संग्रह गेला. पण बोटांत साठवलेली विद्या कोणी लुटू शकले नाही. कास्तेलनुओव्हो-तेदेस्को यांनी गिटार आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली एक नवी दीर्घ रचना त्यांनी १९३९ साली त्याच शहरात प्रथम सादर केली.

थोड्याच काळात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि गिटारीच्या तारांसाठी चांगली आतडी मिळेनाशी झाली. आतड्याच्या तारा तशाही बेभरवशाच्या. ऐन कार्यक्रमात त्या सैल होत किंवा तुटत. त्या सुमारास नायलॉन हा नवा पदार्थ निघाला होता. न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी त्यापासून तारा बनवण्याचे प्रयोग केले. सेगोव्हियांनी त्यांना उत्तेजन दिले आणि त्या तारांची पारख केली. आज अभिजात गिटारीवर सर्वत्र नायलॉनच्या तारा दिसतात, त्याचे श्रेय या दोघांच्या परिश्रमांकडे पुष्कळ अंशी जाते.

उतारवयात सेगोव्हियांनी अध्यापनाकडे विशेष लक्ष दिले. इटलीतील सिएना येथे १९५० पासून आणि स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे १९५८ पासून त्यांचे उन्हाळी वर्ग भरत. व्हेनेझुएलाचे आलिरिओ दियास, ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स असे पुढे जगप्रसिद्ध झालेले वादक त्यांच्यापाशी शिकले. ज्याला स्वतःला गुरू लाभला नाही, तो असा अनेकांचा गुरू झाला.

परंतु थोर माणसाचे चरित्र वाचताना त्याच्या उणिवांकडेही डोळसपणे पाहावे. गुरू म्हणून सेगोव्हिया फार कडक होते. आपण ठरवून दिलेल्या बोटानेच शिष्याने स्वर घ्यावा, असा त्यांचा हट्ट असे. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः विचार करून निराळी रीत योजली, तर ती त्यांना खपत नसे. त्यांच्या काही शिष्यांनी पुढे याबद्दल नाराजी व्यक्त केली. ज्याने स्वतःची वाट स्वतः शोधली, त्याने इतरांनाही शोधू द्यावी, अशी अपेक्षा करणे वावगे नाही. पण कष्टाने सापडलेली वाट माणसाला इतकी प्रिय होते की, तीच एकमेव वाट आहे असे त्याला वाटू लागते. हेही या चरित्रापासून शिकण्यासारखे आहे.

स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी १९८१ साली सेगोव्हियांना उमराव ही पदवी देऊन गौरवले. जगातील अनेक विद्यापीठांनीही त्यांचा सन्मान केला. परंतु मानसन्मानांनी त्यांचा दिनक्रम बदलला नाही. नव्वदी उलटल्यावरही ते जाहीर कार्यक्रम करीत, आणि त्यासाठी रोज गिटार हाती घेत. २ जून १९८७ रोजी माद्रिद येथे, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मगावी, लिनारेस येथे, त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय उभारलेले आहे.

सेगोव्हियांच्या आधीही स्पेनमध्ये उत्तम गिटारवादक होऊन गेले. पण या वाद्याला जगाच्या सभागृहांत मानाचे आसन मिळवून देण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि ते आसन त्यांनी सव्वा-सव्वा तासाच्या बैठकींतून मिळवले.

तुमच्यापैकी प्रत्येकाला रोज पाच तास मिळणार नाहीत. त्याची जरुरीही नाही. कोणाला अर्धा तास मिळेल, कोणाला त्याहून कमी. पण जो वेळ मिळेल त्याची नीट वाटणी करावी. वेळ रोजचा आणि ठरलेला असावा. आरंभी थोडा वेळ हात तयार करणाऱ्या साध्या पाठांना द्यावा. त्यानंतर जो भाग अवघड जातो तेवढाच वेगळा काढून, सावकाश, तो निर्दोष होईपर्यंत घोटावा. शेवटी येत असलेली गोष्ट आनंदाने वाजवावी. थकवा आला की थांबावे. दुसऱ्या दिवशी मात्र चुकू नये. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो.

ही रीत गिटारीपुरतीच नाही. तबला असो, चित्रकला असो, सुंदर हस्ताक्षर असो की परकी भाषा असो, गावात शिकवणारा कोणी नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. चांगला शिक्षक लाभला तर ते भाग्यच समजावे आणि त्याच्यापाशी नम्रतेने शिकावे. पण शिक्षक नसेल त्या वेळी आपल्याच अंगी एक शिष्य आणि एक गुरू जागा करावा. शिष्याने कंटाळू नये आणि गुरूने झोपू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे विद्या आपोआप दारी येते.